डिझेलच्या बांधातले रोहू

साधना मॅडम कोणाचा हेवा करत नसत. हे त्या स्वतःच सांगत, आणि बहुतेक वेळा कोणी विचारलेलं नसताना सांगत. "हेवा मोजता येत नाही, म्हणून मी तो करत नाही," असं रसायनशास्त्राच्या या बाईंचं म्हणणं. मग खिडकीतून प्रफुल सर प्राचार्यांशी हसत बोलताना दिसले की त्यांच्या ब्युरेटमधून थेंब जास्त पडायचे आणि अख्खं टायट्रेशन पुन्हा करावं लागायचं. पण तो दोष ब्युरेटचा होता.

प्रफुल सर झूलॉजीचे. आवाज मोठा, काम बेताचं, आणि केलेल्या कामाची जाहिरात कामाच्या आधी. विद्यापीठाच्या कॉलेजचं ते आवार आलापल्लीहून अहेरीकडे जाताना सागाच्या रांगा विरळ होतात तिथे होतं, आणि त्या सबंध आवारात कौतुक करावं असं एकच काही आहे, ते म्हणजे प्रफुल सरांचं माशांचं टाकं, असं प्राचार्यांचं मत झालं होतं. टाकं नुकतंच बांधलेलं, सिमेंटचं, काठावर निळा रंग. त्यात रोहूचं बीज सोडलं त्या दिवशी प्राचार्यांनी नारळ फोडला. साधना मॅडमनी त्याच महिन्यात प्रयोगशाळेतली सगळी आम्लं नव्याने लेबलं लावून रचली होती. त्यावर कोणी खोबऱ्याचा तुकडासुद्धा ठेवला नाही.

हे सगळं सोसलं असतं. पण मधे एक खोली होती.

ती खोली नवीन बांधली होती. मोठ्या खिडक्या, कडप्प्याचे ओटे आणि भिंतीतून येणारे खरेखुरे नळ. साधना मॅडमच्या प्रयोगशाळेत नळ नव्हता. मुलं बादलीने पाणी आणत आणि प्रॅक्टिकल संपलं की हातपंपावर रांग लावून काचसामान धूत. पंपावर पाणी भरायला आलेल्या बाया पोरांना विचारत, "काय रे, कालेजात भांडेच घासाले शिकवते का?" तर ही खोली कोणाला द्यायची, ते दिवाळीनंतर येणारी समिती ठरवणार होती. समिती आवार बघेल, ज्या विभागाचं काम डोळ्यात भरेल त्याचं नाव लिहील, आणि त्या विभागाला किल्ली.

प्रफुल सरांकडे टाकं होतं. साधना मॅडमकडे काय होतं? तर डिझेलची टाकी.

हे काम त्यांच्याकडे कसं आलं ते सांगायला हवं. ते लोडशेडिंगचे दिवस. जनरेटरशिवाय आवारात पंखासुद्धा फिरत नसे, आणि पावसाळ्यात नाले चढले की डिझेलची गाडी येणं बंद. म्हणून उन्हाळ्यातच मोठी टाकी भरून ठेवायची पद्धत. या टाकीची जबाबदारी कोणी घ्यायची, असं प्राचार्यांनी बैठकीत विचारलं, तेव्हा सगळ्यांनी बुटांकडे पाहिलं. साधना मॅडमनी समोर पाहिलं, आणि काम त्यांच्या गळ्यात पडलं.

त्यांनी ते मनापासून केलं. टाकीजवळ विडी बंद. वाळूच्या बादल्या ओळीने टांगलेल्या. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे टाकीभोवती कमरेएवढा सिमेंटचा बांध, आत गुळगुळीत गिलावा. टाकी कधी फुटलीच तर सगळं डिझेल बांधाच्या आत राहावं, नाल्यात जाऊ नये, म्हणून. बांधाच्या तळाशी एक कॉक, पावसाचं पाणी नळीने उताराला सोडायला. "हा बांध मुद्दाम रिकामा ठेवायचा असतो," हे त्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना समजावून सांगत. सगळे चहा पीत. प्रफुल सर भजीही खात.

पावसाळा तोंडावर आला आणि मॅडमना नागपूरला उजळणी वर्गाला जावं लागलं. जाताना त्यांनी चौकीदार लटारूला बजावलं, "हा कॉक उघडायचा नाही. काही झालं तरी नाही. समजलं?"

"समजलं म्याडम."

पाऊस पडल्यावर आधी पाण्यावर तेलाचा तवंग नाही ना ते बघायचं, मग कॉक उघडून पाणी सोडायचं आणि पुन्हा बंद करायचा, हा उरलेला अर्धा भाग त्या सांगणारच होत्या. तेवढ्यात एस.टी. आली.

परत आल्या तेव्हा बांध काठोकाठ भरला होता. मधोमध काळी टाकी, डोहात बसलेल्या म्हशीसारखी. आणि पाण्यात काहीतरी वळवळत होतं.

"लटारू, हे काय आहे?"

"बोडी," लटारू म्हणाला.

लटारू ढिवराचा. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. त्या मुलखात धानाच्या शेताजवळ लहानसं तळं असतं त्याला बोडी म्हणतात, आणि बोडीत पाणी आलं की बीज सोडतात. न सोडणाऱ्या माणसाकडे लोक जरा काळजीने बघतात.

"अरे पण मासे आले कुठून?"

"प्रफुल सरच्या टाक्यातून. त्याले खाली भेग पडली म्याडम. पानी राहातच नाई तिथी. मासोऱ्या तडफडून राह्यल्या होत्या. मंग मी बकेटात आनल्या इथी."

"कोणाला विचारून?"

"मासोऱ्याइले विचारा लागते का? अन् एवढी चांगली बोडी बांधली तुमी, थे का खालीच ठेवाची?"

साधना मॅडमनी कॉककडे हात नेला. इथे खरं तर ही गोष्ट संपायला हवी होती. कॉक उघडायचा, मासे बादलीत काढून परत करायचे, बांध कोरडा. त्यांना हे सगळं माहीत होतं. पण नेमके त्या वेळी प्राचार्य तिकडून जात होते. ते थांबले. पाण्यात डोकावले. एक रोहू वर येऊन पाणी उडवून गेला.

"वा, मॅडम," प्राचार्य म्हणाले. "हे तर प्रफुल सरांच्या टाक्यापेक्षा सरस दिसून राह्यलं."

साधना मॅडमचा हात कॉकवरून हळूच खाली आला.

यानंतर जे झालं त्याला विज्ञान जबाबदार नाही. मॅडम सकाळी लवकर येऊन माशांना कोंडा टाकू लागल्या. लटारूने गावच्या तळ्यातून कमळाचे कंद आणून लावले. टाकीवर 'ज्वलनशील' अशी लाल पाटी होती, तिच्याखाली पांढरी कमळं फुलली. मॅडम रोज पाण्यावर तवंग शोधत आणि तो नसे, म्हणजे टाकीतून थेंबही गळत नव्हता. म्हणजे सुरक्षितता आहेच, असं त्यांनी मनाला पटवलं. बांध रिकामा असायला हवा, हे वाक्य मात्र त्यांनी स्टाफरूममध्ये म्हणायचं सोडलं.

एक दिवस प्रफुल सर बांधावर येऊन उभे राहिले. त्यांचे मासे पुरात वाहून गेले असं ते सगळ्यांना सांगत होते. भेगेबद्दल ते कोणालाच सांगत नव्हते.

"मॅडम, तुमचे रोहू माझ्या रोहूंसारखे दिसतात हो."

"रोहू रोहूसारखेच दिसतात, सर. तुम्ही झूलॉजीचे, तुम्हाला माहीत असायला पाहिजे."

प्रफुल सर बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा लग्नाच्या पंगतीत ताटावरून उठवलेल्या माणसासारखा झाला होता. साधना मॅडमना त्या दिवशी जेवण गोड लागलं.

दिवाळी झाली आणि समिती आली. अध्यक्ष म्हणजे नागपूरचे एक निवृत्त अभियंता, कमी बोलणारे आणि जास्त बघणारे. प्राचार्यांनी त्यांना थेट बांधापाशी आणलं. बाजूला इस्त्रीची साडी नेसून साधना मॅडम. जरा मागे प्रफुल सर.

"हे काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"सुरक्षा बांध, सर. टाकी फुटली तर डिझेल अडवायला."

"आणि हे पाणी?"

"पावसाचं, सर."

"कमळंही पावसाचीच का?"

एक रोहू, आता चांगला वीतभर झालेला, हजेरी द्यावी तसा वर येऊन गेला.

"समजा टाकी आत्ता फुटली," अध्यक्ष म्हणाले. "बांध तर भरलेला. डिझेल मावणार कुठे?"

नागपूरच्या उजळणी वर्गात मॅडमनी स्वतः हा प्रश्न हात वर करून विचारला होता. उत्तरही त्यांनीच दिलं होतं. आता ते उत्तर इथे द्यायचं कसं? आणि मागून प्रफुल सरांचा मोठा आवाज आला.

"इकडे मावेल, सर. उताराला माझं टाकं आहे बघा, निळ्या काठाचं. कॉकची नळी तिकडेच सुटते. आणि टाकं मुद्दाम रिकामं ठेवायचं असतं. टाकी फुटलीच तर नाल्यात काही जायला नको."

शब्दन्‌शब्द मॅडमचा. भजी खाता खाता सरांनी तो पाठ केला होता. त्या टाक्याला भेग आहे, त्यात डिझेल सोडा नाहीतर गंगाजल, ते जमिनीतच जाणार, हे मॅडमना ठाऊक होतं. पण हे तुम्हाला कसं ठाऊक, असं अध्यक्षांनी विचारलं तर? मग मासे कुठून आले तेही सांगावं लागलं असतं. खोलीचे नळ त्यांना झूलॉजीच्या बाजूने वाहताना दिसू लागले.

"छान योजना," अध्यक्ष म्हणाले. "करून पाहू. उघडा कॉक."

लटारू जागचा हलला नाही. "म्याडमनं सांगतलं आहे, काई झालं तरी कॉक उघडाचा नाई."

"मी सांगतो आहे."

"तुमी आज आहा साहेब. म्याडम रोज आहे."

शेवटी मॅडमनी मान हलवली. लटारूने कॉक फिरवला.

नळी चांगली रुंद होती. आधी पाणी गेलं, मग कमळाची पानं, मग सटासट रोहू, एकामागे एक, शाळा सुटावी तसे. सगळी मंडळी उताराने टाक्यापाशी धावली. पाणी धो धो येत होतं आणि तेवढ्याच घाईने भेगेतून जमिनीत जात होतं. थोड्या वेळाने निळ्या काठाच्या टाक्यात पाणी नव्हतं, नुसते मासे उड्या मारत होते.

"माझे मासे," प्रफुल सरांच्या तोंडून निघून गेलं. स्वर भरून आला होता.

"तुमचे?" अध्यक्ष वळले. "मग मॅडमच्या बांधात काय करत होते?"

प्रफुल सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी प्रफुल सरांकडे. भेग जुनी आहे म्हटलं तर मासे कुठून आले ते उघडं, मासे कुठून आले ते सांगितलं तर जुनी भेग उघडी. दोघंही माशांसारखीच तोंडं उघडून मिटत राहिली.

तेवढ्यात खालच्या अंगाने होमसायन्सच्या प्रेमिलाबाई आल्या, पदर खोचलेला, पाय चिखलाने भरलेले. भेगेतून गेलेलं सगळं पाणी त्यांच्या विभागाच्या वाफ्यात फुटलं होतं.

"कोनं सोडलं हे पानी? माझा सगळा सांबार वाहून गेला न." सांबार म्हणजे तिकडे कोथिंबीर. मग त्यांचं लक्ष टाक्याकडे गेलं, आणि आवाज एकदम उतरला. "अवो बाई. रोहू आहे का हे?"

अध्यक्षांनी साधना मॅडमकडे बघितलं. "खाण्याजोगे आहेत? डिझेलच्या टाकीखाली वाढलेत म्हणून विचारतो. टाकी गळत तर नव्हती ना?"

आता पहा मॅडमची पंचाईत. मासे खाऊ नका म्हणावं, तर टाकी गळते असा अर्थ. टाकी ठीक आहे म्हणावं, तर मासे पातेल्यात. त्यांनी पावसाळाभर जपलेल्या त्या रोहूंकडे एकदा पाहिलं, अंगावरची इस्त्रीची साडी सारखी केली, आणि खरं तेच सांगितलं.

"एक थेंबही नाही, सर. मी रोज तवंग बघत होते."

"मग झालं," अध्यक्ष प्रेमिलाबाईंकडे वळून म्हणाले. "बाई, सकाळपासून आम्हाला सगळीकडे पोहेच दिले आहेत."

प्रेमिलाबाईंनी तोवर घमेलं मागवलंही होतं.

जेवण होमसायन्सच्या ओसरीवर झालं. पहिला घास साधना मॅडमनी घ्यायचा, अशी अध्यक्षांची अट होती. प्राचार्यांनी बोटं चाटली. अध्यक्षांनी भात दोनदा मागितला, आणि वाहून गेलेल्या वाफ्यात उरलेला सांबार प्रेमिलाबाईंनी वरून भुरभुरला तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

निघताना ते साधना मॅडमना म्हणाले, "आता तुमचा बांध बांधासारखा दिसतो. पाऊस पडला की तवंग बघायचा, पाणी सोडायचं, कॉक लावायचा. चौकीदाराला पूर्ण सांगा." प्रफुल सरांना म्हणाले, "ती भेग बुजवा." आणि खोलीबद्दल लिहून गेले की या आवारात हाती आलेल्या सामग्रीचं सोनं करणारा विभाग त्यांना एकच दिसला.

आठवड्याभरात नव्या खोलीवर होमसायन्सची पाटी लागली. कडप्प्याच्या ओट्यांवर कढया चढल्या. नळ सोडल्याचा आवाज हातपंपापर्यंत ऐकू येई. पंपावर साधना मॅडम ब्युरेट धुवायला उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे, माशांच्या बरण्या घेऊन, प्रफुल सर.

मॅडमनी एकच ब्युरेट दोनदा विसळलं.

"मॅडम," प्रफुल सर शेवटी म्हणाले, "त्या दिवशी रश्श्यात तिखट जरा जास्तच होतं, नाही?"

"मीठसुद्धा," साधना मॅडम म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी रस्सा तीनदा वाढून घेतला होता.

रसायनशास्त्र आणि झूलॉजी यांचं एकमत होण्याची त्या आवारातली ही पहिलीच वेळ. प्रफुल सरांनी पंपाचा दांडा धरला आणि मॅडमची बादली आधी भरून दिली.