तेरा भोकांची पाटी

"पाटी बदलायची, दोन पिकअप बसवायचे. चहा गार व्हायच्या आत उरकतो!" असं मी सकाळी म्हणालो होतो. आता बोलायचंही त्राण नाही, तरी सांगतो.

बायको बास गिटार वाजवते. संध्याकाळी सहाला तिचा पहिलावहिला कार्यक्रम होता. कामावर निघताना तिने बजावलं, "आज गिटारीला हात लावू नका. उद्या बघू." पण गिटारीच्या अंगावरची प्लास्टिकची पाटी आणि तारांचा आवाज पकडणारे पिकअप मी हौसेने नवेकोरे मागवलेले! ती जिना उतरते न उतरते तोच मी तारा सोडल्या, जुनी पाटी उखडली, जुन्या पिकअपच्या वायरी कचाकच कापल्या.

नवी पाटी ठेवली. तेरा भोकांपैकी एकही जुळेना! दाबली, फिरवली, कानशीने कडा घासल्या. दोन्ही पाट्या शेजारी ठेवल्या, तर भांडलेल्या जावांसारखी त्यांची तोंडं दोन दिशांना! घामाघूम होऊन दुकानदाराला फोन लावला.

"अहो, उलटा माल पाठवलात!"

"काका, वाजवणारा डावखुरा आहे का?"

"डावखुरा कसला? माझी बायको वाजवते!"

"बरं, मग त्या डावखुऱ्या आहेत का?"

बावीस वर्षांचा संसार! ती सही कुठल्या हाताने करते? भाजी कुठल्या हाताने चिरते? देवाशपथ, आठवेना. शेवटी आतल्या खोलीत जाऊन लेकीला विचारलं, "आई डावखुरी आहे का गं?"

"बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

चारला बायको आली. टेबलावरचा पसारा बघून मटकन खुर्चीत बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"हात लावू नका म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस." मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने बाह्या सारल्या. डाव्या हाताने, हो डाव्याच, नव्या पिकअपच्या वायरी डाग देऊन जोडल्या. मग पाटी नुसती उलथी केली. तेराच्या तेरा भोकं जुळली! सहाला ती स्टेजवर उभी राहिली, ती पाटीची खरबरीत बाजू आणि माझे कानशीचे ओरखडे साऱ्या हॉलला दाखवत. वाजवलं मात्र असं की माझे डोळे भरून आले.

घरी परतताना मी हळूच विचारलं, "मी कुठल्या हाताचा, ते तुला ठाऊक आहे?"

"उजव्या," ती थकून म्हणाली. "घोळ घालताना दोन्ही."