साहेबांचा निरपेक्ष पत्ता

तलास खोऱ्यातल्या आमच्या जिल्हा कचेरीच्या संकेतस्थळावरून अकीमसाहेब, म्हणजे आमचे जिल्हाप्रमुख, बेपत्ता झाले. संपूर्णपणे नव्हे, पहिल्या पानावर ते उंच पांढरी टोपी घालून हसत होते. पण ‘कुरण परवाना’ हे आतलं पान उघडलं, की साहेबांच्या जागी फाटक्या चित्राची खूण दिसायची.

उपअकीम सोवेतबेक यांनी प्रोग्रॅमर जाझगुलला बोलावलं.

“साहेब कुठे गेले?”

“बायके,” थोरल्या भावाला हाक मारावी तसं ती म्हणाली, “फोटो जागेवरच आहे. त्याचा मार्ग सापेक्ष दिलाय, म्हणजे आपण ज्या पानावर असू तिथून तो शोधला जातो. आतल्या पानावरून चुकतो. मार्गाच्या आधी एक तिरकी रेघ मारली, की तो थेट साइटच्या मुळापासून शोधला जाईल, संपलं.”

सोवेतबेक पांढरेफटक पडले. “साहेबांचं स्थान, बघणारा कुठे उभा आहे यावर ठरतं? हे तू लेखी दिलंयस?”

“कोडमध्ये दिलंय.”

“म्हणजे लेखीच की!”

त्याच दुपारी परिपत्रक निघालं: यापुढे या कचेरीतील सर्व मार्ग निरपेक्ष असतील. जाझगुलने रेघ मारून आणली. सोवेतबेकनी चष्मा पुसला.

“रेघेच्या आधी काय आहे?”

“काही नाही. तिथूनच सुरुवात.”

“साहेब काय हवेतून उगवतात? पुरता पत्ता घाल. मूळ फोटो माझ्या कॉम्प्युटरवर आहे. लिही: डी ड्राइव्ह, ‘साहेब अंतिम’, त्यात ‘खरंच अंतिम’.”

“अहो, मग तो फक्त तुमच्याच कॉम्प्युटरवर दिसेल!”

“मग तपासणार कोण? मीच ना?”

जाझगुल अडून बसली, तेव्हा तिला ‘सापेक्ष प्रवृत्ती’बद्दल कारणे दाखवा नोटीस मिळाली. तिने मुकाट्याने लिहिलं. परिपत्रकात ‘सर्व’ असल्यामुळे ‘अर्ज सादर करा’ या बटणाचं चित्रही त्याच ड्राइव्हवर गेलं. सोवेतबेकनी साइटची प्रत आपल्या कॉम्प्युटरवर उघडली. साहेब हसत होते. काम फत्ते.

बाकी जगाला पान कोरं दिसू लागलं. परवान्याविना अडलेल्या दोनशे मेंढ्या डोंगराच्या पायथ्याशी थांबवून म्हातारे मेंढपाळ तोक्तोसुन घोड्यावरून कचेरीत आले. त्यांना सोवेतबेकांच्या खुर्चीत बसवलं, बटण दाबू दिलं, आणि परवाना हातात पडला.

“पूर्वी पाच खोल्या हिंडायचो, आता एकच!” म्हातारबा गहिवरले. “इंटरनेट म्हणजे सोयच हो मोठी!”

बातमी खोरंभर पसरली. रांग रस्त्यापर्यंत गेली. रांगेपाशी चहा आणि तळलेल्या कणकेच्या बोर्सोकची टपरी आली. खोलीवर ‘ऑनलाइन कक्ष’ अशी पाटी चढली. समाधानी नागरिक: शंभर टक्के.

जाझगुलला मात्र राहवेना. एका शुक्रवारी सगळे जेवायला गेलेले असताना तिने फाइली सर्व्हरवर चढवल्या आणि गुपचूप रेघा मारल्या. सोमवारी लोकांनी घरबसल्या सातशे अर्ज भरले. कचेरीत चिटपाखरू नव्हतं.

अकीमसाहेब स्वतः धावत आले. “लोक कुठे गेले? सेवा कोलमडली?”

“घातपात आहे, साहेब,” सोवेतबेक म्हणाले. “कुणीतरी रेघ मारलीय.”

संध्याकाळपर्यंत रेघा पुसल्या गेल्या, जाझगुलची बदली झाली, आणि मंगळवारी रांग पूर्ववत लागली. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

हसताय ना? हसा. फक्त एवढं आठवा: मागच्या महिन्यात ऑनलाइन भरलेल्या अर्जाची छापील प्रत, दोन झेरॉक्स जोडून, रजा काढून तुम्ही स्वतः नेऊन दिलीत, आणि शिक्का मारणाऱ्याला वर ‘थँक यू’ म्हणालात; ते खिडकीपलीकडचे गृहस्थ अजून तुमचं कौतुक करतात.