पत्र्याच्या पलीकडे

मोघेकाकांच्या घरी गेलं की पाण्याच्या ग्लासाआधी हातात लोखंडाचा ठोकळा मिळायचा. साबणाच्या वडीएवढा, पण धरल्यावर मनगट खाली ओढणारा. बसा म्हणायची सोयच नव्हती. सोफा असायला हवा तिथे विमानाचा पंख होता.

खेळण्यातला नव्हे. आमच्या बेटावरच्या शहरात, क्वीन्सटाउन भागातल्या जुन्या ब्लॉकमध्ये, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये हा माणूस दोन सीटचं खरंखुरं विमान बनवत होता. किट पेट्यांमधून आलं होतं: पत्रे, फासळ्या, ते जोडायचे हजारो रिव्हेट आणि सूचनांचं एक जाडजूड बाड. तांजोंग पगारच्या बँकेत काका रिस्क विभागात होते, म्हणजे लोकांनी काय करू नये हे सांगण्याचा त्यांना पगार मिळे. रिकाम्या रस्त्यावरही सिग्नलचा हिरवा माणूस दिसल्याशिवाय ते पाऊल टाकत नसत. आणि घरी येऊन विमान.

"धोका आहेच," ते म्हणत. "पण मोजलेला आहे."

त्यांची माझी ओळख २०१४च्या गणपतीत, आरतीच्या रांगेत झाली. मी नुकतीच जुरोंग ईस्टच्या एका कंपनीत लागले होते. मी चळवळीतल्या घरातली, पत्रकांवर वाढलेली. पुण्याला आमच्याकडे माझ्या वाढदिवसालासुद्धा बाबा पत्रक काढत. माझं मत ठाम होतं. ज्या शहराच्या इमारती बांधणारे मजूर लॉरीच्या हौद्यात बसून कामाला जातात, त्या शहरात खाजगी विमान ही निर्लज्ज चैन आहे. हे तोंडावर सांगायलाच पहिल्या शनिवारी मी त्यांच्याकडे गेले.

"बरोबर आहे तुझं," काका म्हणाले. "हा बार धर."

बार म्हणजे तो ठोकळा. रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. पत्र्याच्या एका बाजूने काका हवेच्या बंदुकीने ठोकणार, दुसऱ्या बाजूने कोणीतरी बार दाबून धरणार, तेव्हा रिव्हेटचं टोक चपटं होऊन बसतं. मध्ये पत्रा. एकमेकांचं तोंड दिसत नाही. म्हणून प्रत्येक रिव्हेटआधी काका पलीकडून विचारत, "आहेस?"

आपण म्हणायचं, "आहे."

मग टर्रर्र.

"पण काका, प्रश्न असा आहे की साधनांची मालकी..."

"आहेस?"

"आहे. मालकी कोणाच्या..."

टर्रर्र.

मालकीच्या नादात त्या दिवशी माझा हात हलला आणि सात रिव्हेट वाकडे गेले. मी खजील झाले. विमानाचं काम, दुसरा कोणी असता तर दार दाखवलं असतं. काकांचा चेहरा मात्र लाडू मिळाल्यासारखा खुलला. "काढू आणि परत मारू, त्यात काय? पुढच्या शनिवारी येतेसच ना? तुझा मुद्दा अर्धा राहिलाय."

मी गेले. मुद्दा दोन वर्षं पुरला.

शेजारच्या लिम आंटीही अशाच अडकल्या. एका दुपारी त्या तक्रार घेऊन दारात उभ्या राहिल्या. "अंकल, एव्हरी सॅटरडे टॉक टॉक टॉक, मेक व्हॉट?"

"एअरप्लेन, आंटी."

"डोन्ट ब्लफ लाह."

त्या आत आल्या, पंखाभोवती एक फेरी मारली आणि दहा मिनिटांनी बार धरून उभ्या होत्या. त्यांचा एकही रिव्हेट कधी वाकडा गेला नाही. याबद्दल काका त्यांचं कौतुक करत, पण जरा नाराजीनेच, असं मला वाटे.

ज्याने बार धरला त्याचं नाव काका मार्करने पंखाच्या आत, फासळीवर लिहीत. पंख बंद करायच्या आदल्या शनिवारी मी ताठ आवाजात विचारलं, "आंटींचं नाव आहे ना? की फक्त आपल्या माणसांची आहेत?" काकांनी टॉर्च दिला. आंटींचं नाव सर्वांत वर होतं. खाली अमोल आणि नेहा, ते आता सिडनीला. कुलकर्णी पुण्याला परत. सुब्बू, त्याचा पास पुढे वाढलाच नाही. इथे परदेशातून माणसं कामाच्या पासवर येतात आणि पास संपला की सामान वाटून टाकून जातात. काकांकडे चार मिक्सर होते. चटणी मात्र ते विकतची आणत.

पंख लिफ्टमध्ये मावणार नव्हता. पण हे रिस्कवाले काका. त्यांनी पहिला रिव्हेट मारण्याआधीच पुठ्ठ्याचा पंख करून जिन्याने खाली नेऊन पाहिला होता. खऱ्या पंखाच्या वेळी आंटी पुढे ओरडत चालल्या होत्या, "लेफ्ट! अय्यो, युअर अदर लेफ्ट!" आणि शेजारपाजारचे दारं उघडून उभे होते. खाली पोचल्यावर कोणीतरी टाळी वाजवली. मग ब्लॉकभर टाळ्या. खाजगी चैनीविरुद्धचं माझं पत्रक त्या दिवशी घामाने पार भिजलं होतं. मीसुद्धा वाजवल्या.

जोहोरला, पूल ओलांडून पलीकडच्या देशात, एका छोट्या धावपट्टीशेजारच्या शेडमध्ये विमान जोडलं गेलं. उडवण्याचा परवाना काकांनी तिथेच रविवारी रविवारी शिकून काढला होता. पहिल्या उड्डाणाला दुसऱ्या सीटवर कोणाला बसवायचं नव्हतं. आंटी आणि मी गवतात उभ्या. इंजिन सुरू झालं तशी मी पंखाकडे बघू लागले. तो पत्रा माझ्या हाताखालचा होता. विमान धावलं, एकदा उसळलं आणि चाकं सुटली. त्यांच्याखाली उजेड दिसला, हातभर, मग पुरुषभर, मग ते ताडाच्या शेंड्यांवरून गेलं. आंटींनी माझा दंड इतका दाबला की वळ उठला. मी काय ओरडत होते ते आठवत नाही. घोषणा नव्हती एवढं नक्की.

शेजारच्या शेडमधला एक म्हातारा वैमानिक आमच्याबरोबर वर बघत होता. त्याने आपलं विमान एकट्याने बनवलं होतं.

"एकट्याने? आणि बार कोणी धरला?" मी इंग्रजीत विचारलं.

"माझे रिव्हेट वेगळे. एका बाजूनेच ओढून बसतात, दुसरा माणूस लागतच नाही. मोघेच्याच कंपनीकडे तशा रिव्हेटचंही किट मिळतं. मी मोघेला सांगितलं होतं, तू एकटा आहेस, तेच घे. नको म्हणाला."

मी वर बघत राहिले. विमान मोठं वळण घेऊन परत येत होतं.

काका उतरले. सगळे दात दिसत होते. आंटींनी त्यांच्या पाठीत सणसणीत धपका घातला. फोटो झाले, थर्मासमधला चहा झाला. मग करायला काही उरलं नाही. काका विमानाभोवती हळूहळू फिरू लागले, पाहुणे गेल्यावर घरभर फिरतात तसे. शेपटीशी येऊन वाकले.

"हा बघ गं. हा एक रिव्हेट वाकडा वाटतोय मला."

मी बोट फिरवलं. तो सरळ होता. दोन वर्षांनी वाकडा रिव्हेट मला अंधारातही कळला असता. आणि सत्य तोंडावर सांगावं, समोर कोणीही असो, हे आमच्या घरातलं पहिलं कलम.

"वाकडाच आहे," मी म्हटलं. "आणि शेजारचा पण. शनिवारी काढू."

काका सरळ झाले. शेपटीच्या पलीकडे गेले, दिसेनासे झाले. थोड्या वेळाने पत्र्यावर टिचकी वाजली.

"आहेस?"

"आहे, काका."