नसलेल्या दाढेची तक्रार

पणजोबा चिमट्याने दात उपटत, आजोबांनी दात भरायला घेतले, वडील कवळ्या बसवू लागले. आणि चौथ्या पिढीतला हा दंतवैद्य लोकांच्या दातांत इतका गुरफटला, की घरी तो केवळ स्वतःचे दात घासण्यापुरता येई. त्या वेळी तोंडात ब्रश असल्यामुळे आईशी बोलणे होत नसे.

महिनाभर न्हाणीघराच्या बंद दाराशी बोलून झाल्यावर आईने एके सकाळी दवाखान्यात फोन लावला.

"तक्रार काय, आजी?" नोंदणीच्या नव्या बाईंनी विचारले.

"दाढ दुखते."

"अकराला या."

आई ठेवणीतले कपडे घालून गेली. तपासणीत अडथळा नको म्हणून कवळी काढून तिने पिशवीत ठेवली आणि खुर्चीत ऐसपैस बसली. मुलगा आला तोच मुळी नोंदींत डोके खुपसून.

"आ करा." त्याने तोंडात आरसा घातला आणि थबकला. "अहो, दुखते कुठली? इथं एक दाढ शिल्लक नाही! कुणी काढले हे सगळे दात?"

आईने सावकाश कवळी बसवली. "तूच की रे, मेल्या!"

"आई? तू?"

"ओळखलंस, उपकार झाले. जेवतोस का वेळेवर, एवढंच विचारायचं होतं."

तेवढ्यात दार उघडून नोंदणीच्या बाई डोकावल्या. "सर, आजींनी साडेअकरा आणि बाराचीही वेळ घेतलीय. एक दात भरायचाय, एक सरळ करायचाय."

बाहेर सुजलेल्या गालांची कुरकुर वाढली होती. मुलगा घायकुतीला आला. "आई, पाच मिनिटं बाहेर बस. आलोच."

त्या शब्दांसरशी आईचा सारा तोरा उतरला. ती मुकाट्याने उठली.

शेवटचा रुग्ण गेला तेव्हा संध्याकाळ झाली होती. मुलगा बाहेर आला, तर बाकाच्या टोकाला आई ताठ बसलेली.

"अगं, घरी नाही गेलीस? मी साफ विसरलो!"

"तुझे वडील होते तेव्हा इथल्या नोंदी मी लिहायची. शाळा सुटली की तू इथं येऊन बसायचास. मी म्हणायची, 'पाच मिनिटं हं', आणि दिवे लागायचे. तू कधी रडला नाहीस."

"मला नाही आठवत."

"मला आठवतं. पण पाच मिनिटं किती लांब असतात, ते आज कळलं."

मुलाने हातमोजे काढले आणि तो तिच्याजवळ बसला.

"माझं देणं फिटलं ना रे?" तिने विचारले.

"फिटलं, आई. सगळं."