म्हातारो वेळेवर आसा

अमेरिकेच्या अध्यक्षाला आमच्या वाडीने जाहीर पाठिंबा दिला, तो माझ्या चुकीमुळे. मी नको त्या वाक्यावर 'व्हय महाराजा' म्हटलं.

झालं असं. गेल्या दसऱ्याला मी स्कूटर घेतली. आमच्याकडे नवं काही घरात आलं, मग ती होडी असो, पाण्याचा पंप असो की सून, तिच्यासाठी देवाला गाऱ्हाणं घालावं लागतं. एका जाणत्या माणसाने नारळ हातात घेऊन देवाला सगळी हकिगत सांगायची, काय हवं-नको ते मागायचं आणि दर मागणीला जमलेल्यांनी एका सुरात 'व्हय महाराजा' म्हणायचं. चार-पाच मागण्या झाल्या की तोंडाला वळण पडतं. मागणी ऐकायचं काम देवाचं. आपलं काम व्हय म्हणायचं.

वाडीत गाऱ्हाणं घालायचं ते माझ्या शेजारच्या जनूतात्यांनी. तात्यांनी देवाला माझं नाव सांगितलं, गाडीचा रंग सांगितला, मी दोनदा सायकलवरून पडलो होतो तेही सांगितलं.

"ह्या लेकराच्या गाडयेक खंय खरचटा नये रे महाराजा."

व्हय महाराजा. लेकरू चोपन्न वर्षांचं आहे, पण देवासमोर चालतं.

"वाटेत गुरां आडवी येव नयेत रे महाराजा."

व्हय महाराजा.

"आणि थंय अमेरिकेत आमच्या म्हाताऱ्याक पुन्हा एकदा खुर्चेर बसव रे महाराजा."

"व्हय महाराजा," मी म्हटलं. एकट्याने. बाकीचे पंधरा-वीस जण गप्प होते, कारण ते ऐकत होते.

तात्यांनी नारळ फोडला, अर्धं खोबरं माझ्या हातावर ठेवलं आणि जाहीर केलं, "मंजूर. प्रवाशांनी नोंद घ्यावी."

हे प्रवासी कुठून आले ते सांगायला हवं. तात्या एस्टीत होते. स्टँडवरच्या त्या जाळीच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली आहे हे ओरडून सांगायचं, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. तात्या निवृत्त झाले, आवाज झाला नाही. एरवी बोलतात मालवणी, पण शेवटचा घाव घालायचा असला की एकदम स्टँडवरच्या शुद्ध मराठीत शिरतात. मासेवालीला सांगतील, "ह्या पापलेट कालचा आसा गो बाय. प्रवाशांनी नोंद घ्यावी." चार वर्षांपूर्वी तात्यांची बायको, आमच्या काकी, गेल्या, तेव्हा घरापुढच्या खळ्यात उभं राहून तात्यांनी सांगितलं होतं, "साडेचारला निघायचं आहे. प्रवाशांनी नोंद घ्यावी." दोघे-तिघे खाली मान घालून हसले. मान वर केल्यावर त्यांना तात्यांचा चेहरा दिसला, मग त्यांनी परत खाली घातली.

त्यांच्या पडवीत एक काळा फळा आहे. स्टँडवर नवे फलक आले तेव्हा तात्या हा जुना घेऊन आले. त्यावर खडूने दोनच ओळी असत. पहिली, 'मंजू, रविवार, ९.००'. मंजू त्यांची एकुलती एक मुलगी, माझी विद्यार्थिनी, अमेरिकेत ओहायोला असते. दुसरी ओळ अध्यक्षाची. त्याचं नाव तात्यांनी कधी घेतलं नाही, घरच्या मोठ्या माणसाचं घेत नाहीत तसं. नुसतं 'म्हातारो'. पुढे त्याच्या परत निवडून येण्याची ताजी परिस्थिती. कधी 'वेळेवर', कधी 'अर्धा तास उशिरा'. एकदा तिकडच्या बातम्या फारच वाईट होत्या, तेव्हा आठवडाभर 'फोंडाघाटात अडकलो' होतं. वाडीतली माणसं बाजाराला जाताना फळ्याकडे बघून जात. आमच्या ग्रामपंचायतीत कोण निवडून येणार याची एवढी चौकशी मी ऐकली नव्हती.

रविवारी सकाळी नऊला मंजूचा फोन यायचा. तिकडे शनिवारची रात्र, मुलं झोपलेली. तात्या फोन स्पीकरवर टाकून बाकावर ठेवायचे आणि मांडी घालून समोर बसायचे, पंगतीला बसल्यासारखे. मंजू कट्टर विरोधी पक्षात. तिथे राहते, कर भरते, बातम्या बघते. ती सुरुवात अगदी शुद्ध करायची.

"बाबा, कसे आहात? गोळ्या घेतल्या का?"

"घेतलंय. म्हाताऱ्यान परवा भाषण बरा केल्यान."

"बाबा, नको. आज नको."

"मी खंय काय म्हणतंय? बरा केल्यान, इतक्याच म्हटलंय."

एवढं पुरे व्हायचं. म्हाताऱ्याने महागाई वाढवली, लढाया थांबवतो म्हणून थांबवल्या नाहीत, परदेशातून आलेल्यांची झोप उडवली, असं मंजू एकेक बाहेर काढायची. तात्या त्याचा कारभार ग्रामपंचायतीच्या मापाने मोजायचे.

"तुझ्या नळाक पाणी येता?"

"येतं."

"रस्त्यार खड्डे आसत?"

"नाहीत, पण ते आधीपासूनच नव्हते बाबा."

"ह्येनी पाडल्यान तरी नाय मा? मगे झाला."

इथे मंजूचा बांध फुटायचा. "बाबा, तुमचा डोक्या फिरला हा काय? अंड्यांचो भाव काय झालो तो माका इचारा! तुमका खंय बसान कळता सगळा?" असं जे सुरू व्हायचं ते पाऊण तास. माझ्या घरी भाजीला फोडणी पडून भाजी शिजायची, तरी यांचं चालूच. शेवटी मंजू दमून म्हणायची, पुढच्या रविवारी पुराव्यासकट सांगते. तात्या म्हणायचे, "सांग. मी हंयच आसंय."

पाठिंब्याची बातमी तात्यांनी पुढच्याच रविवारी तिला दिली. गाव म्हाताऱ्याच्या पाठी उभा आहे आणि पहिला मास्तर उभा राहिला, असं सांगितलं. दुपारी मला मंजूचा निरोप आला, "सर, तुम्हीसुद्धा?"

मला फार लागलं. मुळात ओहायोच्या बाबतीत माझी बाजू लंगडी. मंजू तिकडे गेली तेव्हा तात्या मीच दिलेला जुना नकाशा घेऊन माझ्याकडे आले होते, ओहायो दाखव म्हणून. मी भूगोलाचा शिक्षक. चष्मा घरात राहिला होता, पण शिक्षकाने चष्म्यासाठी थांबायचं नसतं. मी बोट ठेवलं ते आयोवावर. तात्यांनी तिथे तांबड्या शाईने फुली मारली आणि दोन वर्षं आयोवाचं हवामान बघून मुलीला स्वेटर घालायला सांगितला. उलगडा झाला तेव्हा तात्या मला काही बोलले नाहीत. नकाशा मात्र त्यांनी मला परत दिला.

तेव्हा आता काहीतरी चांगलं करून दाखवायचंच, असं मी ठरवलं. एका परदेशी अध्यक्षापायी बाप-लेक दर रविवारी भांडतात, हे बरं नव्हे. हल्ली घराघरांत राजकारणावरून माणसं तुटतात, असं मी पेपरात वाचलं होतं. मी मंजूला लांबलचक निरोप लिहिला. वडील थकले आहेत, एकटे आहेत, त्यांचं थोडं ऐकून घे, वाद टाळ. मग तात्यांकडे जाऊन बसलो. म्हटलं, तात्या, ती दिवसभर राबते, वर तुम्ही तिचं डोकं उठवता. सोडून द्या तो म्हातारा. नाहीतर एक दिवस ती फोनच करायची नाही.

तात्या कोकमाची सोलं निवडत होते. त्यांचे हात थांबले.

"तिना तुका सांगल्यान तसा?"

"सांगितलं नाही. पण मी शिक्षक आहे तिचा. मला कळतं."

तात्या उठले, ओल्या फडक्याने फळ्यावरची दुसरी ओळ पुसली आणि परत सोलं निवडायला बसले. मला वाटलं, जिंकलो.

त्या रविवारी मी मुद्दाम त्यांच्या पडवीत जाऊन बसलो. नऊला फोन आला.

"बाबा, कसे आहात? गोळ्या घेतल्या का?"

"घेतलंय." तात्यांनी घसा साफ केला. "मंजू, तुझा बरोबर आसा. म्हातारो काय येणा नाय परत."

मग मंजू म्हणाली, "नाही बाबा, तुमचंही काही अगदी चूक नव्हतं. प्रत्येकाचं मत असतं."

"व्हय. आसताच."

"पाऊस आहे का अजून?"

"गेलो."

"बरं. काळजी घ्या, बाबा."

तीन मिनिटं. मी तात्यांची पाठ थोपटली. पुढच्या रविवारी दोन मिनिटं झाली. दोघंही एकमेकांशी इतकं छान बोलली की मला माझ्या शाळेतले वार्षिक तपासणीचे साहेब आठवले.

तिसऱ्या रविवारी सव्वानऊ झाले तरी शेजारून काही ऐकू येईना. मी डोकावलो. तात्या इस्त्रीचा शर्ट घालून बाकासमोर मांडी घालून बसले होते. फोनवर मंजूचा निरोप होता. तो त्यांनी माझ्यापुढे धरला. 'बाबा, आज थोडी दमले आहे. सगळं ठीक आहे ना? पुढच्या रविवारी नक्की बोलू.'

"बघ मास्तर, किती शुद्ध लिवल्यान हा," तात्या म्हणाले. "एकय चूक नाय."

मी मान डोलावली. शुद्धलेखनाचं कौतुक आहे असं समजून 'छान' असंही म्हटलं. तात्या चहा ठेवायला आत गेले.

बाकावर शंभर पानी वही होती. दुसऱ्याची वही उघडू नये असं मी मुलांना शिकवतो. उघडली. प्रत्येक पानावर वर रविवारची तारीख. खाली डाव्या बाजूला आठवड्याभरात जमवलेले मुद्दे, 'आपण काय बोलूचा' म्हणून. उजव्या बाजूला प्रत्येक मुद्द्यापुढे छोटासा शेरा.

'भाषण बरा केल्यान: मराठी.'

'खड्डे: मराठी, जरा आवाज चढलो.'

'अंड्यांचो भाव: मालवणी!'

'म्हाताऱ्याच्या तब्येतीचा कौतुक: मालवणी. माका येडो म्हणाली. अगदी आवशीसारखी.'

आवस म्हणजे आई, आमच्या काकी. त्या ओळीखाली रेघ मारलेली होती. पुढे पानोपानी तेच. कुठल्या मुद्द्यावर मंजू शुद्ध राहिली आणि कुठल्या मुद्द्यावर चिडून आपल्या भाषेत आली. मागच्या पानांत तिच्या बाजूची पेपरातली कात्रणंही होती, नीट घडी करून. म्हातारा किती वाईट कारभार करतो, हे तात्यांना मंजूपेक्षा जास्त माहीत होतं. शेवटच्या दोन रविवारांची पानं होती. डावी बाजू कोरी. उजवीकडे दोन्ही वेळा एकच शब्द, 'मराठी'.

तात्या चहा घेऊन आले. त्यांनी वही माझ्या हातात बघितली. मी काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून विचारलं, "तात्या, पण म्हातारा तुम्हाला खरंच आवडतो का हो?"

"तो येवंदे नायतर जावंदे. माका काय तो घराकडे आंबे पाठवतलो?" त्यांनी वही घेतली आणि शर्टाच्या बाहीने तिचं कव्हर पुसलं. "तिची आवस गेली, तेच्या नंतर चेडू फोन करी. जेवलास, गोळये घेतलास, ठेवतंय. एकदा चुकान म्हटलंय, म्हातारो बरो आसा. पाऊण तास झगाडली माझ्याशी. चहा पी, थंड जाता."

मी घरी आलो आणि मंजूला परत निरोप लिहिला. या वेळी लांबलचक नाही. लिहिलं, 'तुझे बाबा माझ्या सांगण्यावरून खोटं बोलले. ते अजून म्हाताऱ्याच्याच बाजूने आहेत. पूर्वीपेक्षा जास्त.' वहीबद्दल लिहिलं नाही. माझ्या आयुष्यात न केलेल्या चुकांची संख्या फार नाही, त्यांतली ही एक.

पुढच्या रविवारी नऊला दोन मिनिटं कमी असताना फोन वाजला. मी माझ्या अंगणात स्कूटर पुसत होतो. गोळ्यांची चौकशी ऐकू आली नाही. थेट आवाज आला, "बाबा, तुम्ही माझ्याशी खोटा बोललास? माका फसवलास? त्या म्हाताऱ्यासाठी?"

मग तीस वर्षांचा तो आवाज वाडीभर घुमला.

"म्हातारो वेळेवर आसा! प्रवाशांनी नोंद घ्यावी!"

त्या दिवशी तास झाला. मधे एकदा मंजू बापाला येडो म्हणाली, ते माझ्यापर्यंत स्पष्ट आलं. फोन संपायच्या बेताला तात्यांनी मला हाक मारली. मी गेलो तर ते तुळशीसमोर नारळ घेऊन उभे. मागे फळ्यावर दुसरी ओळ परत आलेली, खडू अजून ओला वाटावा इतकी ठसठशीत. फोन तुळशीच्या कट्ट्यावर, चालूच.

"उभो रव हंय," तात्या मला म्हणाले. "चूक झाली की देवाक सांगूक होया."

मी हात जोडले. तात्यांनी डोळे मिटले.

"बा देवा महाराजा, आमच्या हातून जा काय चुकला-माकला आसात ता पदरात घे रे महाराजा."

"व्हय महाराजा," मी म्हटलं. एकट्याने. सवय झाली होती.

"आणि ह्या मास्तराक भूगोलय येणा नाय आणि माणसांतलाय काय कळणा नाय, तेका पुन्हा कोणाच्या मधे तोंड घालूची बुद्धी देव नको रे महाराजा."

इथे व्हय म्हणावं की नाही, याचा मी विचार करत होतो. तेवढ्यात कट्ट्यावरून, ओहायोतून, खणखणीत आवाज आला.

"व्हय महाराजा!"