व्हार्निशचा शेवटचा हात

"आता इथे कोणी श्वाससुद्धा घ्यायचा नाही," असं बायकोला बजावून भाऊंनी होडीवर व्हार्निशचा शेवटचा हात मारला.

भाऊ म्हणजे नकाशा कचेरीतले निवृत्त आरेखक. घरामागच्या शेडमध्ये तीन वर्षं खपून त्यांनी ही शिडाची होडी बांधली होती. बाहेरून निळा रंग, आतून नुसतं व्हार्निश. एकेक हात वाळला की पॉलिश पेपरने घासायचं, ओल्या फडक्याने पुसायचं, पुन्हा हात मारायचा. शेवटच्या हाताला धुळीचा कण चिकटू नये म्हणून त्यांनी जमिनीवर पाणी शिंपडलं होतं, सदऱ्याचे धागे पडतील म्हणून सदरा काढला होता आणि केसांवर बायकोची आंघोळीची टोपी चढवली होती.

शेजारचे दातांचे डॉक्टर दारातून डोकावले. "आरसाच केलात की!"

"लांबून. लांबून बघा," भाऊ म्हणाले आणि ब्रश धुवून आंघोळीला गेले.

नेमक्या तेव्हाच ताई आल्या. भाऊंची बहीण, त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या, विणकामशाळेत जन्म घालवलेल्या. अंगावरचा झगासुद्धा स्वतःच्या मागावर विणलेला, चांगला जाडजूड. रविवारी होडी पाण्यात उतरायची होती आणि पहिल्या फेरीत ताईंनी बसायचं, हे ताईंनीच ठरवलं होतं. त्या थेट शेडमध्ये गेल्या. एकुलत्या एका स्टुलावर डबे होते. गुडघे कुरकुरत होते. होडी मात्र बुटक्या लाकडी घोड्यांवर अगदी सोयीची ठेवलेली होती.

अर्ध्या तासाने भाऊ परतले, तर ताई होडीत बसून सफरचंद खात होत्या.

"ये रे. झकास जमलीय. फळी तेवढी गार लागते."

भाऊ दारातच थबकले. "ताई... ती ओली आहे."

"काय ओली आहे?"

"होडी."

"अरे, होडी ओली नाही होणार तर काय होणार?"

पण उठायला गेल्या तेव्हा फळीवरून चर्र असा आवाज आला आणि त्या पुन्हा बसल्या. भाऊंच्या पत्नी धावत आल्या. त्यांनी कात्री आणली.

"खबरदार! माझ्या हातचं कापड आहे," ताई गरजल्या.

"आणि माझं व्हार्निश?" भाऊ पुटपुटले.

"काय म्हणालास?"

"काही नाही, ताई."

शेवटी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बाह्या सरसावल्या. "एकदम उपटायचं नाही. डावीकडे, उजवीकडे, हळूहळू हलवायचं."

"मी काय दाढ आहे?" ताई म्हणाल्या, पण हलल्या. चिकटपट्टी निघावी तशा सुटल्या.

झगा पसरला होता तिथवर, फळीभर, कापडाची वीण उमटली होती. भाऊंनी कपाळाला हात लावला. ताईंनी चष्मा लावला, वाकून निरखलं आणि समाधानाने म्हणाल्या, "एक धागा चुकलेला नाही, बघ."

डबा संपला होता, घासून पुन्हा हात मारायला दिवस नव्हते. रविवारी भाऊंनी तशीच होडी तळ्यावर नेली. आणखी आठ होड्या होत्या, सगळ्या चकचकीत. वारा सुटला. शीड या बाजूचं त्या बाजूला गेलं की प्रत्येक होडीतला माणूस फळीवरून साबणासारखा घसरत होता. वकीलसाहेब तर दोनदा पाण्यात गेले. भाऊ आणि ताई मात्र त्या खरखरीत विणीवर खिळे ठोकल्यासारखे बसले होते. भाऊ कितीतरी वर्षांनी मोठ्याने हसले. ताईंनी त्यांना दोनदा "नीट चालव" म्हटलं आणि तिसऱ्यांदा स्वतःही हसल्या.

काठाला लागताच सगळे फळीभोवती गोळा झाले, हात फिरवून पाहू लागले.

"कमाल आहे! कुठल्या हत्याराने काढलीत ही नक्षी?" वकीलसाहेबांनी विचारलं. त्यांच्या कोपरांवरून पाणी गळत होतं.

भाऊंनी खाकरून ताईंकडे पाहिलं, मग खाली मान घालून सगळं खरं सांगून टाकलं.

कोणी हसलं नाही. वकीलसाहेब थोडे घुटमळले, मग अदबीने पुढे झाले. "ताई, माझी फळी घासून शनिवारी पुन्हा शेवटचा हात मारतोय. अर्धा तास याल का?"

ताईंनी त्यांच्या होडीकडे नजर टाकली.

"येईन की. वीण कुठली हवी? साधी की तिरपी? दोन्ही झगे आहेत माझ्याकडे."