कावळा काही शिवेना

माजी नगरसेवक जयरामअण्णांनी वॉर्डातला एकही दहावा कधी चुकवला नव्हता. लग्नाला कोण येऊन गेलं ते कुणाच्या लक्षात राहत नाही, पण दहाव्याला आलेल्या माणसाला घर विसरत नाही, हे त्यांनी फार आधी ताडलं होतं. त्या जोरावर दोनदा निवडून आले, तिसऱ्यांदा पडले. आता पुन्हा निवडणूक तोंडावर होती. अशात सावळीराम वारला. अण्णांच्या पहिल्या निवडणुकीत सायकलवरून गल्लोगल्ली पोस्टरं चिकटवणारा तो हाच.

दहावा त्याच्या गावी, सायखेड्याला, गोदाकाठी होता. टेम्पोत बसून अख्खी गल्ली आली होती. अण्णांचा कार्यकर्ता दीपक मोबाईल उंच धरून सगळं लाईव्ह दाखवत होता.

पिंड मांडला. कावळा समोरच्या बाभळीवर येऊन बसला आणि बसूनच राहिला.

"बाबा, आईला अंतर देणार नाय," मुलगा सुयश हात जोडून म्हणाला. कावळा ढिम्म. "धाकट्या बहिणीला, सृष्टीला शिकवीन, बाबा." तरी ढिम्म.

ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, "काहीतरी मनात राहिलंय. आठवून बघा."

"गल्लीतल्या गटारीचं लय मनाला लावून घेतलं होतं," सावळीरामाची बायको कुसाबाई हळूच म्हणाली.

सगळ्या माना अण्णांकडे वळल्या. अण्णा पुढे झाले, दीपकच्या मोबाईलचा अंदाज घेतला आणि खड्या आवाजात म्हणाले, "सावळीराम, निवडून आलो की पहिलं काम गटारीचं! हा अण्णाचा शब्द आहे!"

कावळा उठला आणि लांबच्या फांदीवर जाऊन बसला.

"हे त्यांनी दोनदा ऐकलंय, अण्णा," कुसाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं.

अण्णांनी रस्ता देऊन पाहिला. सावळीरामाच्या नावाचं सभागृह देऊन पाहिलं. कावळ्याने पाठ फिरवली.

अण्णांना घाम फुटला. खळीने बरबटलेले सावळीरामाचे हात त्यांना आठवले. निवडून आल्यावर ऑफिसबाहेरच्या बाकावर ताटकळत बसलेला सावळीरामही आठवला. आपण एकदाही त्याला आत बोलावलं नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"सावळ्या, मग करू तरी काय? या वेळी उभाच राहू नको का?"

कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला.

"शिवला! शिवला!" सुयश रडू लागला. लोकांनी हात जोडले आणि मग सगळे अण्णांकडे बघत राहिले.

"दीपक, बंद कर ते," अण्णा पुटपुटले.

"आता काय उपयोग, अण्णा? सगळ्या वॉर्डाने बघितलं."

अण्णा मटकन पायरीवर बसले. कुसाबाई डोळे पुसत त्यांच्याजवळ आली.

"अण्णा, आता मोकळेच ना तुम्ही? मग येत जा घरी चहाला. ते लय वाट बघायचे तुमची."